धागा: आजीची कानबाईची गाणी, कोरडा आवाज आणि पाडायला काढलेलं घर

कळणाची_भाकर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आजीकडून कानबाईची (आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीची) अकरा गाणी रेकॉर्ड करून घेतली आहेत. सणाच्या गडबडीत गावी जमलं नसतं, म्हणून तिला धुळ्याला आमच्या फ्लॅटवर आणलं, गाद्या उभ्या केल्या, दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. आवाज स्वच्छ आला. इतका स्वच्छ की आजी कपाटात बसून गातेय असं वाटतं. नंतर मावशी आणि दोन माम्यांकडून झेलाच्या (मागून साथीने म्हणायच्या) ओळी वेगळ्या घेतल्या, त्याही तशाच सुक्या खणखणीत.

मग रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (खऱ्या जागेचा घुमारा कोरड्या आवाजाला लावणारं साधन) नेटवरून घेतलेली एका मोठ्या चर्चच्या घुमाऱ्याची फाइल घातली. मावशी ऐकून म्हणाली, "हाई काय, कानबाई चर्चमा बठाडी का?"

कानबाई बसते ती आजीच्या घरातल्या माजघरात. धाब्याचं घर, सागाचे खांब, मातीच्या भिंती. मामा ते पाडून स्लॅबचं बांधणार आहेत, फार तर दोन महिने हातात आहेत. त्या माजघराचाच इम्पल्स रिस्पॉन्स घरच्या घरी घेता येईल का? जवळ एक स्टिरिओ रेकॉर्डर, लॅपटॉप आणि ब्लूटूथ स्पीकर आहे.

---

वांग्याचं_भरीत | सोमवार, रात्री १०:५८

ताई, फुगा फोडा, रेकॉर्ड करा, फाइल टाका. झालं. दहा रुपयांत काम.

---

सूक्ष्मश्रवण | सोमवार, रात्री ११:३५

फुग्यावर नंतर येतो. आधी हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे चुका कमी होतील.

खोलीत एक टाळी वाजवा. टाळी संपते, खोली बोलत राहते. खोलीचं ते सगळं बोलणं म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, आपण त्याला आयआर म्हणू. डिजिटल आवाज म्हणजे तरी काय, सेकंदाला ४८ हजार चिमुकल्या टाळ्या (सॅम्पल), कुठली जोरात, कुठली हळू. खोली प्रत्येक टाळीला तेच उत्तर देते, फक्त टाळीच्या जोराप्रमाणे मोठं किंवा लहान. ही सगळी उत्तरं आपापल्या वेळेवर एकावर एक ठेवून बेरीज केली की झालं कॉन्व्होल्यूशन. यात जादू काही नाही, निव्वळ हमाली आहे. ३ सेकंदांच्या आयआरमध्ये १,४४,००० सॅम्पल असतात. आवाजाच्या प्रत्येक सॅम्पलमागे तेवढे गुणाकार धरले तर सेकंदाला साधारण ६९१ कोटी होतात.

ही हमाली कमी झाली ती फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म या झटपट गणिती रीतीमुळे. कूली आणि ट्यूकी यांचा त्यावरचा लेख १९६५चा. पण त्यात आवाजाचा मोठा तुकडा हातात येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे उशीर. १९९५ मध्ये विल्यम गार्डनर यांनी आयआरचे सुरुवातीला छोटे आणि पुढे मोठे होत जाणारे तुकडे पाडायची रीत मांडली, त्यात तो उशीर गेला. १९९९ला सोनीचं डीआरई-एस७७७ नावाचं यंत्र आलं. त्यात हॉलचे आयआर सीडी-रॉमवरून भरावे लागत. २००१ला ऑल्टिव्हर्ब हे प्लगइन आलं आणि मग हे काम साध्या कॉम्प्युटरवर सुरू झालं. तेव्हा लॅपटॉपची चिंता नको. चिंता करायची ती स्पीकरची.

---

पत्राछप्पर | मंगळवार, सकाळी ७:१०

भरीतभाऊ, फुगा मीही फोडलाय. फुग्यात खालच्या पट्टीचा जीव नसतो. प्रत्येक फुगा वेगळा फुटतो आणि सगळीकडे सारखा आवाज फेकत नाही. आयआर पातळ निघतो, त्यात ढोलकी टाकली तर पत्र्याचा डबा वाजतो.

स्वीप घ्या. २० हर्ट्‌झपासून २० हजार हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारी शिट्टी, २०-३० सेकंदांची. ती खोलीत वाजवायची, रेकॉर्ड करायची आणि नंतर उलट गणित करून ताणलेली शिट्टी परत एका टाळीत मिटवायची. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं होतं आणि शेवटी वेव्ह फाइल हातात येते. शिट्टीची लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत ३ डेसिबल जास्त मिळतात.

आता माझी फजिती. मी अहिराणी लग्नाची गाणी करतो. आमच्याकडे जळगावला एका ओळखीच्यांचं जिनिंगचं गोडाऊन उन्हाळ्यात रिकामं असतं. कापूस असताना तिथे आवाज मरतो, रिकामं असताना टाळी मारली की चार सेकंद फिरते. संध्याकाळी सहाला गेलो, ऊन उतरल्यावर. सहा स्वीप घेतले. घरी येऊन आयआर उघडला तर शेपटीत मध्येच "च्यूंऽऽ" करून खाली घसरणारा आवाज. एक नाही, पाच-सहा. भूत वाटलं. मग कळलं की दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना कडाड-कडाड वाजतो. स्वीप चालू असताना असा एक जरी ठोका पडला तरी उलट गणितात त्याची उलटी शिट्टी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गेलो. पत्रा गार, कबुतरं झोपलेली, वॉचमनची बिडी तेवढी जागी. पहिल्याच स्वीपला सोनं.

---

तापीकाठ_भुसावळ | मंगळवार, सकाळी ९:२६

स्वीप-बीप ठीक आहे, पण मोठ्या जागेत धमाक्याला पर्याय नाही. स्कॉटलंडमध्ये इंचिनडाउनच्या तेलाच्या जुन्या टाक्यांत ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी पिस्तुलाची कोरी गोळीच उडवली होती. १२५ हर्ट्‌झला आवाज विरायला ११२ सेकंद, २०१४ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली. आमच्याकडे पिस्तूल नाही, सुतळी बॉम्ब आहे. मी मळ्यातल्या विहिरीत टाकला होता.

---

पत्राछप्पर | मंगळवार, सकाळी ९:४०

काका, मग आयआर कसा आला?

---

तापीकाठ_भुसावळ | मंगळवार, सकाळी १०:०२

आयआर नाही आला. रेकॉर्डर फाटला, म्हणजे आवाज वरून सपाट कापला गेला. शेजारच्या मळ्यातला माणूस मात्र आला.

पुढल्या खेपेला दोरीने स्पीकर खाली सोडून स्वीप घेतला, ते मान्य करतो. पाण्याची पातळी वरून १५ मीटरवर होती. आवाज खाली जाऊन परत येईपर्यंत साधारण ८७ मिलिसेकंद, त्यामुळे प्रत्येक शब्दामागे "ठक-ठक-ठक" अशी ओळ ऐकू येते. हवेतून येणारा आवाज पाणी जवळजवळ पूर्ण परत फेकतं, त्यामुळे तळाकडून काही सुटत नाही. आणि विहीर गोल, म्हणून सगळे पडसाद मधोमध गोळा होतात. माइक केंद्रात टांगू नका, कडेला घ्या. पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर हा आयआर असा बसला की सातपुड्याच्या घळीतून कोणी वाजवतंय वाटावं. गाण्यावर मात्र बेकार, शब्दच कळेनात.

---

वहीवाला | मंगळवार, दुपारी ३:१५

बेटा, मी वही (आपल्याकडची लोकगाणी) गाणाऱ्या घरातला. यंत्रातलं फार कळत नाही, पण एक सांगतो. कोरडं रेकॉर्डिंग कोरडंच जपून ठेव, तीन ठिकाणी. आमच्या वडिलांच्या कॅसेटवर त्या काळी कोणी हौशीने एको घालून दिला. आज तो काढता येत नाही, आणि निम्मे शब्द त्यात बुडाले ते बुडाले.

दुसरं. टेबलावर स्पीकर ठेवून शिट्टी वाजवू नको. कानबाईपुढे बाया खाली बसतात, भिंतीला पाठ, तोंड चौरंगाकडे. स्पीकर बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर ठेव आणि तोंडही तिकडेच कर. ऐकणारी जिथे बसते तिथे तुझा माइक.

---

सूक्ष्मश्रवण | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

काकांनी जे सांगितलं त्यासाठी लोक मोठाली पुस्तकं वाचतात. त्यात भर एवढीच: स्पीकर चार जागी ठेवून चार आयआर घ्या, माइक न हलवता. आजीला एक जागा, मावशीला दुसरी, माम्यांना उरलेल्या दोन. चौघींना एकच आयआर लावला तर चौघी एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या वाटतात. प्रत्येकीच्या भिंतीचा, कोपऱ्याचा पहिला पडसाद वेगळा असतो आणि आपला कान त्यावरूनही जागा ओळखतो. शब्दांची स्पष्टता मोजतानाही पहिले ५० मिलिसेकंद वेगळे धरतात, कारण तेवढ्यात येणारे पडसाद मूळ शब्दाला बळच देतात.

---

कळणाची_भाकर | रविवार, रात्री ९:२०

जाऊन आले. पत्राछप्परदादांचं ऐकून पहाटे उठले, मामांचं बोलणं खाल्लं. फोनवरून स्वीप ब्लूटूथ स्पीकरवर वाजवला, रेकॉर्डरवर घेतला. निकाल विचित्र आहे. आयआर टाळीसारखा "टच्" न येता "फ्स्" असा पसरट आलाय, वरच्या पट्ट्या धुतलेल्या आणि शेपूट मध्येच गिळल्यासारखी. शिवाय खोली वाटते त्यापेक्षा फारच घुमते, ६० डेसिबल उतरायला ०.९ सेकंद. आजीच्या घरात असं कधी ऐकलं नाही मी. काय चुकलं?

---

सूक्ष्मश्रवण | रविवार, रात्री १०:०५

तीन वेगळी दुखणी दिसतात.

पसरट टाळी: शिट्टी वाजवणारं यंत्र एक, ऐकणारं दुसरं, दोघांची घड्याळं वेगळी. दहा लाखांत पन्नासचा फरक असला तरी २० सेकंदांच्या स्वीपच्या शेवटी १ मिलिसेकंदाची घसरण होते, म्हणजे ४८ सॅम्पल. उलट गणिताला ते सहन होत नाही, आणि वरच्या पट्ट्या सगळ्यात आधी विस्कटतात. उपाय: लॅपटॉपला एकच ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर दोन्ही जोडायचा डबा) जोडा, त्यातूनच वाजवा आणि त्यातच रेकॉर्ड करा.

ब्लूटूथ: पाठवताना आवाज दाबून बारीक करतात, आणि छोट्या स्पीकरच्या पोटात आवाज आपोआप वर-खाली करणारी व्यवस्था असते. आयआरची पहिली अट अशी की साखळीतल्या कुठल्याही वस्तूने आवाज पाहून आपलं वागणं बदलायचं नाही. तारेचा स्पीकर घ्या, साधा असला तरी चालेल. थोडाफार फाटला तरी भागतं. आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेल्या लॉग स्वीपची गंमतच ती, की स्पीकरची फाटकी गुरगुर उलट गणितानंतर मुख्य टाळीच्या *आधी* वेगळी पडते. ती कात्रीने कापून टाकायची.

गिळलेली शेपूट: रेकॉर्डरवर ऑटो लेव्हल (आवाज आपोआप वर-खाली करणं) चालू राहिलं असणार. बंद करा.

घुमण्याचं मात्र मला कळत नाही. मातीच्या भिंतीला ०.९ जास्तच आहे.

---

वहीवाला | सोमवार, सकाळी ६:३०

बेटा, घर आवरलंय का? पाडायचं म्हणून सामान हलवलं असेल.

---

कळणाची_भाकर | सोमवार, सकाळी ८:१२

काका! हो. उतरंड गेली, कोठ्या गेल्या, गोधड्यांची घडवंची मोठ्या मामांकडे गेली. माजघर रिकामं आहे.

---

वहीवाला | सोमवार, सकाळी ८:४०

मग ते माजघर नाही, रिकामी खोली झाली. कानबाईच्या रात्री तिथे पंचवीस-तीस बाया, लुगडी, पोरं, रोटांची टोपली. आवाज माणसांत मुरतो. माणसं बसव आणि मग वाजव तुझी शिट्टी.

---

वांग्याचं_भरीत | सोमवार, सकाळी ८:५१

तीस बायांना तीस सेकंद गप्प बसवायचं? त्यापेक्षा इंचिनडाउन सोपं आहे.

---

पत्राछप्पर | सोमवार, दुपारी १:३०

अवांतर होतंय, पण आयआरचा विषय निघालाच आहे तर: लग्नाच्या भोंग्याचा आयआर कोणी घेतलाय का? नवरदेवाच्या जुन्या काळच्या मिरवणुकीचा आवाज गाण्याच्या सुरुवातीला दहा सेकंद हवाय. मी घेतला. पट्ट्या बरोबर येतात, पण भोंगा वाटत नाही, भोंग्याचा फोटो वाटतो.

---

सूक्ष्मश्रवण | सोमवार, दुपारी २:१०

कारण भोंग्याची अर्धी मजा त्याच्या फाटण्यात असते, आणि फाटणं आयआरमध्ये येत नाही. हळू आवाजाला एक उत्तर आणि मोठ्या आवाजाला दुसरंच, असं वागणारी वस्तू एका टाळीत मावत नाही. गिटारवाले स्पीकर कॅबिनेटचे आयआर वापरतात तेव्हा अॅम्प्लिफायरचं फाटणं आधी वेगळं करतात आणि आयआर मागाहून लावतात. तसंच करा: आधी सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम थोडा फाडणं), त्याच्यापुढे भोंग्याचा आयआर, आणि त्याच्याही पुढे गल्लीचा आयआर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

---

तापीकाठ_भुसावळ | सोमवार, संध्याकाळी ७:४४

ताई परत जाणारच आहेत तर एक गंमत. आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीत पहाटे १० अंशाला सेकंदाला ३३७ मीटर, आमच्या मे महिन्यातल्या ४४ अंशाला ३५७. भिंती जागच्या जागी, पण खोलीच्या स्वतःच्या घुमण्याच्या पट्ट्या तेवढ्याने वर सरकतात. हिशेब केला तर जवळजवळ अर्धा सूर! म्हणजे भुसावळात एकाच गाभाऱ्याचा हिवाळी आयआर वेगळा आणि उन्हाळी वेगळा. कानबाई श्रावणात असते, मग तुम्ही साधारण तेवढ्याच उबेला घ्या.

(गाभारा म्हणालो म्हणून: संरक्षित मंदिरांत, चांगदेवला वगैरे, परवानगीशिवाय स्पीकर घेऊन जाऊ नका. आणि लेण्यांत वटवाघळं असतात, तिथे धमाका तर नकोच. विहिरीनंतर मी सुधारलोय.)

---

कळणाची_भाकर | शनिवार, रात्री ११:०८

झालं एकदाचं.

मैत्रिणीकडून इंटरफेस आणि तारेचा स्पीकर आणला. घडवंची आणि गोधड्या मामांकडून परत मागवल्या, उतरंडीतली सात मडकी मिळाली ती कोपऱ्यात रचली. बाया अठरा आल्या. शिट्टी वाजणार आणि हलायचं नाही एवढंच सांगितलं. पहिल्या स्वीपला खालची घुर्रर्र सुरू झाली तशी धाकटी मामी म्हणाली "ट्रक वना" (ट्रक आला), आणि सगळ्या फुटल्या. दुसऱ्याला शिट्टी वर चढली तेव्हा बाहेरचं कुत्रं रडायला लागलं. तिसरा नीट. मग स्पीकर पुढच्या जागी. असे चार जागांचे चार मिळवायला सव्वा तास आणि दोन वेळा चहा लागला.

०.९चं ०.४५ झालं. काका, तुम्ही म्हणालात तसंच.

मिक्समध्ये काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. आयआरच्या सुरुवातीचा थेट आवाज कापला, कारण तो कोरड्या ट्रॅकमध्ये आधीच आहे, दोन्ही मिळून आवाज पोकळ होत होता. शेपटीत जिथे खोलीचा गोंगाट सुरू होतो त्याच्या आधीच फेड करून टाकलं, नाहीतर गाण्यामागे सतत फसफस येते. चौघींचे चार सेंड (रिव्हर्बकडे वेगळा पाठवलेला आवाज), रिव्हर्ब शंभर टक्के वेट (त्यात कोरडा आवाज अजिबात नाही), १८० हर्ट्‌झच्या खालचं काढलेलं. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीचा उशीर) शून्य, खोलीचं अंतर आयआरमध्येच आहे. सेंड आधी खूप ठेवले होते. कमी करत करत अशा जागी आणले की रिव्हर्ब आहे हे कळत नाही, पण बंद केला की आजी परत कपाटात जाते.

आज आजीला हेडफोन लावून ऐकवलं. काहीच न सांगता. ती डोळे मिटून दोन कडवी ऐकत राहिली, मग हेडफोन काढून म्हणाली, "मांगलं दार उघडं व्हतं ना?"

उघडं होतं! चहाची ये-जा चालू होती म्हणून आम्ही लावलंच नव्हतं. कानबाईच्या रात्री ते दार लावलेलं असतं.

---

सूक्ष्मश्रवण | शनिवार, रात्री ११:३१

हे वाचून उभा राहिलो. १८९५ मध्ये हार्वर्डला वॉलेस सॅबाइन हे भौतिकशास्त्रज्ञ रात्री-रात्री बसून ऑर्गनची नळी आणि स्टॉपवॉच घेऊन हॉलचा घुमारा मोजत. कुठली गादी किती आवाज गिळते हे सांगायला त्यांनी माप धरलं ते उघड्या खिडकीचं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. तुमच्या आजीने तेच माप कानाने लावलं.

---

वांग्याचं_भरीत | शनिवार, रात्री ११:३६

मग काय, परत अठरा बाया?

---

कळणाची_भाकर | शनिवार, रात्री ११:५२

उद्या पहाटे निघतेय. या वेळी चहा आधी. चारही आयआर इथे टाकते, दार उघडं आणि दार लावलेलं असे दोन्ही संच. उघड्या दाराचा संच आत्ताच टाकणार होते, पण लाइट गेली आणि राउटर बंद आहे, हे मोबाइलवरून लिहितेय.